गोळ्यांचे संतत उत्पादन : गुणवत्ता व प्रक्रिया नियंत्रण

क्रियाशील औषधिद्रव्य व साहाय्यक द्रव्ये यांची चूर्णे एका टोकाला अखंडपणे पुरवून दुसऱ्या टोकाला तयार गोळ्या अखंडपणे काढून घेण्याच्या पद्धतीला गोळ्यांचे संतत उत्पादन म्हणतात. येथे गोळी म्हणजे दाब देऊन तयार केलेली, टॅबलेट या नावाने परिचित असलेली गोळी होय. रूढ बॅच पद्धतीत मिश्रण, कणीकरण, शुष्कन, दाबन व लेपन या क्रिया निरनिराळ्या यंत्रांत क्रमाने केल्या जातात आणि प्रत्येक क्रियेनंतर माल थांबवून त्याची परीक्षा करता येते. संतत पद्धतीत सर्व यंत्रे एकमेकांना जोडलेली असल्याने माल कोठेही थांबत नाही. त्यामुळे गुणवत्तेची परीक्षा व तिचे नियंत्रण माल वाहत असतानाच करावे लागते.

गोळीतील औषधाचे प्रमाण तपासावयाचे, तर नेहमीच्या रासायनिक विश्लेषणात ती गोळी विरघळवून नष्ट करावी लागते. म्हणजेच जी गोळी तपासली ती रुग्णाला देता येत नाही आणि जी रुग्णाला दिली ती तपासलेली नसते. न तपासलेल्या गोळीविषयी खात्री कशाच्या आधारे द्यावयाची, हा गोळ्यांच्या गुणवत्ता नियंत्रणातील मूलभूत प्रश्न आहे.

इतिहास : साच्यात चूर्ण दाबून गोळी तयार करण्याचे एकस्व विल्यम ब्रॉकेडन यांनी १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये मिळविले. पुढे प्रचारात आलेले गोळ्या दाबण्याचे फिरते यंत्र हे स्वभावतःच संतत चालणारे आहे. परंतु त्याच्या आधीच्या व नंतरच्या क्रिया बॅच पद्धतीच्याच राहिल्या. १९४१ मध्ये अमेरिकेत सल्फाथायाझोलाच्या गोळ्यांत फिनोबार्बिटाल हे गुंगी आणणारे द्रव्य मिसळले गेल्यामुळे सु. ३०० व्यक्तींना मृत्यू वा इजा ओढवली. या घटनेनंतर तेथील अन्न व औषध प्रशासनाने उत्पादन व गुणवत्ता नियंत्रण यांविषयीचे नियम आमूलाग्र सुधारले आणि त्यांतूनच पुढे ‘उत्तम उत्पादन पद्धती’ ही संकल्पना विकसित झाली. १९७१ मध्ये जॉन लिंडेनबॉम व त्यांचे सहकारी यांनी डिगॉक्सिन या हृद्रोगावरील औषधाच्या चार उत्पादनांची तुलना केली. तीत समान मात्रा घेऊनही रक्तातील औषधाच्या पातळीत सातपटींपर्यंत फरक आढळला. वेष्टनावरील मात्रा सारखी असली, तरी गोळ्या परिणामतः सारख्या असतीलच असे नाही, हे यावरून स्पष्ट झाले.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २००४ मध्ये प्रक्रिया-विश्लेषणात्मक तंत्रविद्येविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. गुणवत्ता ही अंती तपासून मालात घालता येत नाही, तर ती प्रक्रियेतच अंतर्भूत असावी लागते, हे त्यांचे सूत्र होते. संतत पद्धतीने तयार केलेल्या ल्युमाकॅफ्टर व आयव्हाकॅफ्टर यांच्या संयुक्त गोळीला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. एप्रिल २०१६ मध्ये प्वेर्त रीकोमधील गुराबो येथील कारखान्यात दारुनाव्हिर या एचआयव्हीविरोधी औषधाच्या गोळ्यांसाठी बॅच पद्धतीऐवजी संतत पद्धती वापरण्यास परवानगी मिळाली. आधीच मान्य असलेल्या औषधाच्या बाबतीत असा बदल मान्य होण्याची ही पहिली वेळ होती. औषधांच्या तांत्रिक आवश्यकतांत एकवाक्यता आणणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेने (आयसीएच) नोव्हेंबर २०२२ मध्ये क्यू१३ हा संतत उत्पादनाविषयीचा मार्गदर्शक मसुदा अंतिम केला.

संयंत्र : संतत संयंत्राचा प्रारंभ पुरवठायंत्रांपासून होतो. प्रत्येक द्रव्यासाठी स्वतंत्र नरसाळे असून त्याच्या तळाशी फिरणारे मळसूत्र चूर्ण पुढे ढकलते. संपूर्ण पुरवठायंत्र वजनमापकावर बसविलेले असते. नरसाळ्याचे वजन दर सेकंदाला किती घटते हे मोजून त्यानुसार मळसूत्राची गती कमीअधिक केली जाते. चूर्णे तेथून आडव्या नळीसारख्या मिश्रकात पडतात. त्यातील दांड्यावरील पाती त्यांची सरमिसळ करीत त्यांना पुढे नेतात.

मिश्रण चांगले वाहणारे व सहज दाबले जाणारे असल्यास ते सरळ दाबयंत्राकडे नेतात. याला प्रत्यक्ष दाबन म्हणतात. तसे नसल्यास जोडमळसूत्री यंत्रात त्यावर द्रव सोडून ओलसर कण तयार करतात, ते उष्ण हवेच्या झोतात तरंगत ठेवून वाळवितात आणि दळून एकसारखे करतात. दाबण्यापूर्वी मॅग्नेशियम स्टिअरेटासारखे वंगणद्रव्य मिसळतात. ते जास्त वेळ घोटले गेल्यास कणांवर त्याचा पातळ थर बसून गोळी मऊ होते व ती विरघळण्यास विलंब लागतो. त्यामुळे वंगणाच्या प्रमाणाइतकेच त्याच्या मिश्रणाच्या कालावधीवरही नियंत्रण ठेवावे लागते.

फिरत्या दाबयंत्रात चकतीवर साचे बसविलेले असतात (कारखान्यात त्यांना डाय म्हणतात). प्रत्येक साच्यासाठी वरचा व खालचा असे दोन दट्टे किंवा पंच असतात. खालचा दट्ट्या किती खाली आहे यावर साच्यात मावणारे चूर्ण व म्हणून गोळीचे वजन अवलंबून असते.

औषधिकोशातील चाचण्या व त्यांच्या मर्यादा : भारतीय औषधिकोशानुसार २० गोळ्या वेगवेगळ्या तोलतात. सरासरी वजन ८० मिग्रॅ. किंवा कमी असल्यास १०%, ८० ते २५० मिग्रॅ. यांच्या दरम्यान असल्यास ७.५% आणि २५० मिग्रॅ. किंवा अधिक असल्यास ५% इतके विचलन ग्राह्य असते. दोनपेक्षा जास्त गोळ्या या मर्यादेबाहेर असून चालत नाहीत व एकही गोळी मर्यादेच्या दुपटीबाहेर असून चालत नाही. ठिसूळपणाच्या चाचणीत गोळ्या दर मिनिटाला २५ फेरे करणाऱ्या पिंपात १०० फेरे फिरवितात. यांखेरीज कठीणपणा, विघटनकाल व ठराविक वेळात विरघळणारे औषधाचे प्रमाण यांचीही परीक्षा केली जाते.

प्रत्येक गोळीतील औषधाच्या एकसारखेपणासाठी प्रमुख औषधिकोशांनी स्वीकारलेली सामाईक चाचणी पुढीलप्रमाणे आहे : प्रथम १० गोळ्यांचे स्वतंत्र विश्लेषण करून वेष्टनावरील मात्रेच्या शेकडेवारीत सरासरी व प्रमाण विचलन काढतात. सरासरी ९८.५ ते १०१.५ यांच्या दरम्यान असल्यास प्रमाण विचलनाला २.४ ने गुणून येणारी संख्या १५ पेक्षा अधिक असता कामा नये. उदा., प्रमाण विचलन ४ असल्यास ही संख्या ९.६ येते व माल उत्तीर्ण होतो. विचलन ७ असल्यास १६.८ येते व आणखी २० गोळ्या तपासाव्या लागतात. सरासरी वरील मर्यादांपलीकडे गेल्यास तेवढा फरक या संख्येत मिळवितात.

या चाचणीचे गणित नमुना साऱ्या मालाचा प्रतिनिधी आहे असे गृहीत धरते. सगळा माल एका मिश्रकात एकाच वेळी घुसळलेला असल्यास हे गृहीत बऱ्याच अंशी ग्राह्य ठरते. संतत प्रवाहात मात्र दहा वाजता तयार झालेली गोळी व दोन वाजता तयार झालेली गोळी या वेगवेगळ्या परिस्थितींत जन्मलेल्या असतात. मधल्या काळातील अल्पकालीन बिघाडाची साक्ष त्यांपैकी कोणतीच देऊ शकत नाही.

निवासकाल व बिघाडाचा माग : यंत्रात शिरलेले सर्व कण सारख्याच वेळाने बाहेर पडत नाहीत, काही लवकर पडतात, तर काही रेंगाळतात. कणांच्या यंत्रातील मुक्कामाच्या वेळांच्या वितरणाला निवासकाल वितरण म्हणतात. पी. व्ही. डँकवर्ट्‌स या ब्रिटिश रासायनिक अभियंत्यांनी १९५३ मध्ये संतत प्रवाहांसाठी या संकल्पनेची पद्धतशीर मांडणी केली. एखादे ओळखता येणारे द्रव्य क्षणभर प्रवाहात सोडून ते पलीकडे केव्हा व किती प्रमाणात बाहेर पडते हे मोजले म्हणजे हे वितरण मिळते.

त्याचा उपयोग एका काल्पनिक उदाहरणावरून समजेल. ३०० मिग्रॅ. वजनाच्या व ९० मिग्रॅ. औषध असलेल्या गोळ्या ताशी ३० किग्रॅ. या वेगाने तयार होत आहेत असे मानू. तासाला १ लक्ष, म्हणजे सेकंदाला सु. २८ गोळ्या पडतील. मिश्रक आदर्श आहे व त्यातील सरासरी निवासकाल ९० सेकंद आहे असे धरल्यास मिश्रकात कोणत्याही क्षणी ७५० ग्रॅ. माल असेल. आता औषधाचे पुरवठायंत्र बिघडून ते २०% जादा औषध देऊ लागले, तर १० सेकंदांच्या बिघाडाने मिश्रणातील औषधाचे प्रमाण जास्तीत जास्त सु. २ टक्क्यांनी वाढेल. मिश्रक तो बिघाड पचवून टाकील. तोच बिघाड ६० सेकंद टिकला, तर वाढ सु. १० टक्क्यांपर्यंत जाईल. बिघाड सुरू झाल्यापासून सु. २६ व्या सेकंदाला विचलन ५% ही मर्यादा ओलांडील आणि सु. १२० व्या सेकंदाला पुन्हा तिच्या आत येईल. म्हणजे पुरवठा सुधारल्यानंतरही एक मिनिटभर सदोष माल येतच राहील. मधल्या ९४ सेकंदांत सु. २,६०० गोळ्या तयार होतील.

आठ तासांच्या पाळीत ८ लक्ष गोळ्या निघाल्या, तर या सदोष गोळ्यांचे प्रमाण ०.३३ टक्क्यांहूनही कमी असेल. अंती यदृच्छया उचललेल्या ३० गोळ्यांत त्यांपैकी एकही नसण्याची संभाव्यता सु. ९१% येते. येथे कल्पिलेले १०% विचलन स्वतः फारसे घातक नाही. पण तेवढ्याच गोळ्यांतील विचलन याच्या कितीतरी पट असते, तरी ते नमुन्यातून निसटण्याची संभाव्यता तीच राहिली असती. याउलट पुरवठायंत्राच्या वजनमापकावर हा बिघाड पहिल्या काही सेकंदांतच दिसतो. निवासकाल वितरण माहीत असल्यास कोणत्या सेकंदापासून कोणत्या सेकंदापर्यंतच्या गोळ्या बाजूला काढावयाच्या हे गणिताने ठरविता येते.

मापनसाधने : चूर्णातील औषधाचे प्रमाण वाहत्या प्रवाहातच मोजण्यासाठी मुख्यतः समीप अवरक्त वर्णपटमापन वापरतात. सु. ७८० ते २,५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश चूर्णावर टाकून परावर्तित प्रकाशाचे मापन करतात. निरनिराळी द्रव्ये निरनिराळ्या तरंगलांब्या शोषतात, उदा., पाण्याचे ठळक शोषण १,४५० व १,९४० नॅनोमीटरांच्या आसपास असते, म्हणून वाळविलेल्या कणांतील ओलावाही याच पद्धतीने कळतो. शोषणपट्ट एकमेकांत मिसळलेले असल्याने वर्णपटावरून प्रमाण काढण्यास बहुचल सांख्यिकीय प्रतिकृती लागते आणि ज्ञात प्रमाणांच्या मिश्रणांवरून तिचे अंशशोधन करावे लागते. कच्च्या मालाच्या कणांचा आकार किंवा पुरवठादार बदलल्यास ही प्रतिकृती पुन्हा तपासावी लागते. [⟶ वर्णपटविज्ञान].

या साधनाचा एक दोष विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. संवेदकाच्या काचेवर चूर्ण चिकटून बसल्यास तो त्याच चिकटलेल्या थराचे मापन करीत राहतो. आकडे स्थिर व समाधानकारक दिसतात. पण प्रत्यक्ष प्रवाहाशी त्यांचा संबंध उरत नाही. म्हणून एकाच संवेदकावर विसंबून न राहता पुरवठायंत्रांच्या वजनांवरून व निवासकाल वितरणावरून प्रमाणाचे स्वतंत्र गणित करतात. दोन्ही उत्तरे जुळत नसल्यास माल बाजूला काढतात.

दाबयंत्रात प्रत्येक गोळीवर पडणारा दाब विकृतिमापकाने मोजला जातो. दट्ट्यांमधील अंतर कायम असताना साच्यात चूर्ण जास्त असल्यास दाब वाढतो व कमी असल्यास घटतो. त्यामुळे दाबावरून गोळीच्या वजनाचा अंदाज येतो आणि मर्यादेबाहेरची गोळी हवेच्या झोताने उडवून वेगळी करता येते. हा अंदाज चूर्णाची घनता कायम असेल तरच खरा ठरतो. म्हणून ठराविक वेळाने काही गोळ्या आपोआप उचलून त्यांचे वजन, जाडी व कठीणपणा मोजणारे यंत्र जोडलेले असते.

नियंत्रणाच्या पातळ्या : पहिल्या पातळीवर प्रत्येक यंत्र स्वतःची गती, तापमान वा दाब नियत मूल्यावर ठेवते. दुसऱ्या पातळीवर यंत्रांचा परस्परसंबंध सांभाळला जातो, उदा., दाबयंत्रावरील चूर्णाची पातळी वाढू लागल्यास दाबयंत्राची गती वाढविली जाते. पुढील मापनावरून मागील क्रियेत सुधारणा करणे म्हणजे प्रतिसंभरण व मागील मापनावरून पुढील क्रिया आधीच सुधारणे म्हणजे अग्रसंभरण होय. प्रतिसंभरण फार तीव्र ठेवल्यास यंत्र प्रत्येक लहानसहान चढउतारामागे धावते व प्रवाह अधिकच डळमळतो. तिसऱ्या पातळीवर सर्व मापनांचा एकत्र विचार करून माल स्वीकारावयाचा की बाजूला काढावयाचा हे ठरते.

वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडलेला नियंत्रण तक्ता येथेही उपयोगी पडतो. परंतु तो जसाच्या तसा वापरता येत नाही. प्रमाण विचलनाच्या तिप्पट मर्यादा ठेवल्यास प्रक्रिया निर्दोष असतानाही एक हजार मापनांपैकी सु. ३ मापने मर्यादेबाहेर पडतात. दर सेकंदाला मापन केल्यास तासाला सु. १० खोटे इशारे मिळतील. शिवाय लागोपाठची मापने परस्परांपासून स्वतंत्र नसतात. यासाठी चल सरासरी घेतात, तसेच हॅरल्ड होटेलिंग यांनी १९३१ मध्ये दिलेल्या बहुचल कसोटीसारख्या कसोट्या वापरून अनेक राशींचा एकत्रित विचार करतात. [⟶ सांख्यिकीय गुणवत्ता नियंत्रण].

पुरवठायंत्राचे नरसाळे पुन्हा भरण्याची वेळ ही सर्वांत नाजूक असते. चूर्ण वरून पडत असताना वजन घटण्याऐवजी वाढते व वजनावर आधारलेले नियंत्रण निरुपयोगी ठरते. तेवढ्या वेळापुरती मळसूत्राची गती आधीच्या अनुभवावरून ठरविलेली ठेवतात. नव्या चूर्णाच्या भाराने खालचे चूर्ण घट्ट होऊन पुरवठा वाढू शकतो. म्हणून नरसाळे रिकामे होऊ न देता थोडेथोडे व वारंवार भरणे श्रेयस्कर असते.

बॅचची व्याख्या व विक्रीस मुक्तता : संतत उत्पादनातही बॅच ही संकल्पना आवश्यक असते, कारण तक्रार आल्यास वा माल परत मागवावयाचा झाल्यास त्याची सीमा ठरवावी लागते. क्यू१३ नुसार बॅच ही तयार मालाच्या राशीवरून, वापरलेल्या कच्च्या मालाच्या राशीवरून किंवा ठराविक प्रवाहवेगाने संयंत्र चालविल्याच्या वेळेवरून निश्चित करता येते. कच्च्या मालाची कोणती खेप कोणत्या गोळ्यांत गेली, हेही निवासकाल वितरणावरून सांगता यावे लागते.

सर्व मापने समाधानकारक असल्यास अंतिम प्रयोगशालेय चाचण्यांऐवजी प्रक्रियेतील मापनांच्या आधारे माल मुक्त करता येतो. विरघळण्याच्या चाचणीचे फलही औषधाचे प्रमाण, कणांचा आकार, दाब इ. राशींवरून गणिताने वर्तविता येते. मात्र केव्हाही तपासले असता माल विनिर्देशांत उतरलाच पाहिजे, ही अट त्यामुळे शिथिल होत नाही. बाजूला काढलेल्या मालाचा हिशेबही ठेवावा लागतो. असा माल वारंवार निघू लागल्यास उरलेला माल मर्यादेत असला, तरी प्रक्रिया नियंत्रणात आहे असे म्हणता येत नाही.

मर्यादा : अत्यल्प मात्रेच्या औषधांसाठी ही पद्धती अवघड आहे. १०० मिग्रॅ. गोळीत ०.२५ मिग्रॅ. औषध असल्यास ताशी ३० किग्रॅ. प्रवाहात औषधाचा पुरवठा सेकंदाला केवळ सु. २१ मिग्रॅ. इतका एकसारखा ठेवावा लागेल. अशा वेळी औषध आधी एखाद्या साहाय्यक द्रव्यात मिसळून किंवा द्रवात विरघळवून पुरवितात. संयंत्र सुरू करताना व थांबविताना निघणारा काही माल टाकून द्यावा लागतो. त्यामुळे थोडक्या उत्पादनासाठी ही पद्धती महाग पडते. दीर्घकाळ चालणाऱ्या यंत्रांत कोपऱ्यांत साचणारे चूर्ण हीही एक अडचण असून स्वच्छतेपूर्वी संयंत्र सलग किती काळ चालवावयाचे हे प्रयोगाने निश्चित करावे लागते.

भारतातील नियमन : भारतात औषधनिर्मितीचे नियमन औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० व त्याखालील १९४५ चे नियम यांनुसार होते. नियमांच्या ‘एम’ अनुसूचीत उत्तम उत्पादन पद्धतीच्या अटी असून डिसेंबर २०२३ मध्ये ती सुधारण्यात आली. गुणवत्ता व्यवस्था, जोखमीचे व्यवस्थापन आणि प्रक्रियेच्या वैधतेची पडताळणी यांवर सुधारित अनुसूचीत भर आहे. उत्पादनाचे परवाने व तपासणी ही कामे महाराष्ट्रात राज्याचे अन्न व औषध प्रशासन पाहते. भारतीय औषधिकोशाची पहिली आवृत्ती १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली.

जगभर बहुसंख्य गोळ्या अजूनही बॅच पद्धतीनेच तयार होतात आणि त्या पद्धतीतही चांगली गुणवत्ता राखता येते. संतत पद्धतीत यंत्र चालविणाऱ्याचे काम संपत नाही, तर बदलते. पडद्यावरील आकडा प्रत्यक्ष प्रवाहाचा आहे की चिकटलेल्या थराचा, इशारा खरा आहे की खोटा आणि शंकास्पद माल बाजूला काढावयाचा की नाही, हे निर्णय कोणत्या कसोट्यांवर घ्यावयाचे ते माणसालाच आधी ठरवावे लागते. शंका असल्यास माल बाजूला काढावा, हा नियम पाळणे श्रेयस्कर असते. कारण टाकून दिलेल्या गोळ्यांचे नुकसान मोजता येते, परंतु रुग्णाच्या पोटात गेलेली सदोष गोळी परत मागविता येत नाही.